वीस छर्रे बाकी होते

रेंजला कुलूप लावून मी गाडी सुरू करतो, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातो आणि परत फिरतो. कुलूप उघडतो, कपाट उघडतो, तीन नंबरच्या रायफलची चाकी कोणत्या आकड्यावर आहे ते पाहतो आणि सगळं पुन्हा बंद करून घरी येतो. जवळजवळ रोजच हे होतं. बायको म्हणते, "लोक गॅस बंद केला का पाहायला परत जातात, तुम्ही बंदूक पाहायला जाता." तिला कारण माहीत आहे. आमच्या रेंजवर येणाऱ्यांपैकीही काहींना माहीत आहे. पण पूर्ण हिशेबाने ते मी कुठे मांडलेलं नाही, ते इथे मांडतो.

वर्ध्याला लागून पिपरी मेघेत एका हौशी नेमबाजी मंडळाची रेंज आहे. एकोणीस वर्षं मी ती सांभाळतो. रेंज हा शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात ते सरकीचं जुनं गोदाम आहे. वर पत्रे, सहा जणांना उभं राहायला सहा लाकडी टेबलं, आणि दहा मीटरवर सहा कागदी कार्डं. दोरी ओढली की कार्ड आपल्याकडे येतं, सोडली की परत जातं. रायफली हवेच्या दाबावर चालणाऱ्या. त्यातून निघतो तो शिशाचा बारका छर्रा. रायफली देणं, परत घेणं, कोणाची नळी इकडेतिकडे वळत नाही ना यावर डोळा ठेवणं आणि शेवटी कार्डावरची भोकं मोजणं, हे माझं काम.

बाहेरच्या माणसाला यात काय आहे ते सांगणं अवघड जातं. एकदा अल्लीपूरहून एक शेतकरी चौकशीला आले. रायफल हातात घेऊन वजन पाहिलं, नळी न्याहाळली आणि विचारलं, "सर, रानडुकराले लागन का?"

"नाही."

"माकडाले?"

"कोणालाच नाही मारायचं. इथे फक्त कागदावर मारतात."

त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कागदानं का बिघाडलं तुमचं?"

मी चहा मागवला. चहा पिऊन ते गेले.

तर कागदावर कसं मारतात ते सांगतो. आमच्याकडे दुर्बिणी नाहीत. साधी लोखंडी साइट आहे. नळीच्या टोकावर एक बारीक खुंटी असते, तिला माशी म्हणतात. डोळ्याजवळ, मागच्या बाजूला एक पट्टी असते आणि पट्टीत खाच असते. खाचेच्या बरोबर मधोमध माशी आणायची, दोन्हीचे माथे एका रेषेत ठेवायचे आणि वर कार्डावरचा काळा गोळा टेकवायचा. खाच, माशी, गोळा, एवढंच. अडचण अशी की डोळ्याला एका वेळी तिन्ही स्पष्ट दिसत नाहीत. नवीन माणूस गोळ्याकडे पाहतो, कारण मारायचं तिथे आहे. पाहायचं असतं माशीकडे. गोळा धूसर दिसला तरी चालतो. हे समजायला हुशार माणसाला महिना लागतो. फार हुशार असला तर दोन.

उन्हाळ्यात चारनंतर पश्चिमेच्या झरोक्यातून ऊन येतं आणि माशी एका बाजूने चकाकते. मग डोळा चकाकणाऱ्या कडेलाच मधोमध धरतो आणि छर्रा सरकतो. यावर उपाय कापराचा. कापूर पेटवून माशीखाली धरला की धातूवर काजळी बसते आणि चकाकी जाते. बाहेरून येणाऱ्याला रेंजमध्ये आरती चालली आहे असं वाटतं.

मागची खाच वरखाली करायला एक छोटी चाकी असते. तिच्यावर आकडे असतात, आणि फिरवताना एकेका आकड्याला क्लिक असा आवाज होतो. खाच वर गेली की छर्रा वर लागतो, खाली गेली की खाली. प्रत्येकाचा डोळा वेगळा, गाल टेकवायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाच रायफलवर प्रत्येकाचा आकडाही वेगळा. सहा रायफली आणि तीसेक माणसं असल्यामुळे मी एक रजिस्टर ठेवलं होतं. माणसाचं नाव, रायफलचा नंबर, चाकीचा आकडा, आणि पुढे मी ती लावून दिल्याची खूण. माणूस टेबलापाशी येण्याआधी त्याचा आकडा लागलेला असे. एकोणीस वर्षांत माझ्या रजिस्टरातला एकही आकडा कोणी चूक ठरवला नाही. पुढची सगळी गोष्ट याच वाक्यात अडकली आहे.

आमच्या रायफली जुन्या आहेत. चाकीचे आटे झिजले आहेत, त्यात थोडा ढिलेपणा आहे. मेकॅनिक लोक त्याला 'प्ले' म्हणतात. चाकी खालून वर फिरवत आणली, तर पहिले एकदोन क्लिक नुसते ढिलेपणात जातात. आकडा पुढे सरकतो, खाच तिथेच राहते. म्हणून मी एक पद्धत बसवली होती. आकडा नेहमी वरून खाली येऊन लावायचा. नऊवरून चौदावर जायचं असेल तर आधी अठरापर्यंत जायचं आणि मग चार क्लिक मागे यायचं. आकडा तोच चौदा, पण खाच खरी बसते. रजिस्टरातले सगळे आकडे याच पद्धतीचे होते. ही गोष्ट मला माहीत होती, आणि मला वाटायचं मला एकट्याला माहीत असली तरी पुरे.

दुसरा नियम माणसांसाठी होता. चाकीला कोणी हात लावायचा नाही. यालाही कारण होतं. बँकेतले एक साहेब आमच्याकडे येत. एक छर्रा खाली गेला की ते चाकीचा स्क्रू फिरवत, दुसरा वर गेला की उलटा फिरवत. आपला हात हलतो हे त्यांना मान्य नव्हतं. अर्ध्या तासात रायफल अशी झाली की एक छर्रा मागच्या फळीच्याही वर पत्र्यावर वाजला. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत असे, "छर्रा चुकला तर दोष आपल्यात शोधा, स्क्रूत नाही." भिंतीवर तशी पाटीही रंगवून घेतली होती.

तीन नंबरची रायफल दोघे वापरत. एक मदनसेठ. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. माणूस मनाचा चांगला, पण गुणांची घासाघीस करायची त्यांची सवय सुटत नाही. कार्डावर एकात एक वर्तुळं असतात, मधल्याला दहा गुण आणि बाहेर एकेक कमी; छर्र्याचं भोक वर्तुळाच्या रेषेला टेकलं असेल तर वरचा गुण मिळतो. टेकलं की नाही याची शंका असेल तर एक बारकी सळई भोकात घालून पाहतात, तिला गेज म्हणतात. कागद फाटतो म्हणून गेज एकदाच घालायचा आणि तो निकाल शेवटचा. पण मदनसेठना शेवटचा निकाल हा प्रकार मंजूर नाही. "सर, टच आहे ना! आठचा नऊ करून टाका. काय फरक पडते तुमाले?" मी म्हणतो, फरक पडतो. ते म्हणतात, "साडेआठ तरी धरा."

दुसऱ्या प्रमिलाताई थूल. रोहण्याच्या अंगणवाडीत सेविका, वय त्रेचाळीस. सहा वर्षांपूर्वी त्या मुलीला घेऊन यायच्या. मुलगी नेम धरायची आणि ताई मागच्या बाकावर बसून भाजी निवडायच्या. मुलगी पुढे नर्सिंगला गेली. त्यानंतरच्या रविवारी ताई एकट्याच आल्या. मी विचारलं, "मुलीचं काही राहिलं का इथे?"

"तिचं नाई राह्यलं, माहं राह्यलं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं नुसती पाहून राह्यली होती. आता माह्या हाती द्या."

मी दिली. पहिल्या दिवशी त्यांनी माशीकडे पाहिलं, गोळ्याकडे नाही. बाकावर बसून त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकलं होतं. पुलगावला बस बदलून त्या येत. सहा रविवारांतले पाच तरी यायच्या, आणि ज्या रविवारी यायच्या नाहीत त्याच्या आधी फोन यायचा. गावात त्यांना 'बंदूकवाली बाई' म्हणतात. कौतुकाने किती आणि टोमण्याने किती, हे त्यांनी मला सांगितलं नाही.

जिल्ह्याच्या सामन्यात चारशेपैकी तीनशे चाळीस गुण मिळाले की राज्याच्या सामन्याला जाता येतं. आदल्या वर्षी ताईंना तीनशे अडतीस पडले. तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "अजून एक वर्स पाह्यतो सर. घरच्याइले बी तसंच सांगितलं. एका वर्सात नाई झालं तं रायफल ठेवून देतो." त्या वर्षात त्यांचे शेवटचे दहा सराव सामने माझ्या वहीत आहेत. सरासरी तीनशे सत्तेचाळीस. सगळ्यांत कमी तीनशे एक्केचाळीस. म्हणजे हिशेबाने त्या जाणारच होत्या.

त्या वर्षीचा जिल्ह्याचा सामना आमच्याच रेंजवर झाला. सहा-सहाच्या दोन तुकड्या. प्रत्येकाला दहा-दहा छर्र्यांची चार कार्डं. एक कार्ड झालं की मी ते टेबलावरून उचलायचं आणि नवं लावायचं. पंच मी, मोजणारा मी, आणि रायफली लावून देणाराही मीच. आमच्याकडे माणसं कमी. हे तिन्ही एका माणसाकडे असू नये हे मला तेव्हा सुचलं नाही. उलट अभिमान होता.

पहिल्या तुकडीत मदनसेठ होते, दुसरीत ताई. सेठचा आकडा नऊ, ताईंचा चौदा. पहिली तुकडी संपली आणि मी तीन नंबरची चाकी नऊवरून वर फिरवायला सुरुवात केली. दहा, अकरा, बारा. बाराला सेठनी हाक मारली. "सर, हे पाहा! हे आठ आहे? डोये फुटले का तुमचे?" मी रायफल टेबलावर ठेवली आणि गेज घेऊन गेलो. गेज घातला. आठच होते. सेठनी दोन मिनिटं वाद घातला, मग हसले, मग पाण्याची बाटली मागितली. मी परत आलो. चाकी बारावर होती. मनात आलं, दोन राहिले. दोन क्लिक फिरवले. चौदा. रजिस्टर पाहिलं, चौदा. खूण केली.

अठरापर्यंत जाऊन मागे यायचं राहून गेलं. आकडा बरोबर होता आणि खाच चूक होती.

आधी पाच छर्रे सरावाचे असतात. ताईंचे पाचपैकी चार खाली लागले. त्यांनी कार्ड जवळ ओढून पाहिलं, पाय सरकवून उभं राहणं नीट केलं, कापूर पेटवून माशी पुन्हा काळी केली. म्हणजे दोष त्या आपल्यातच शोधत होत्या. चाकीला हात लावला नाही. पाटी त्यांच्या डोक्यावरच होती.

पहिलं कार्ड त्र्याऐंशी. त्यांच्या मानाने तीनचार कमी. पहिल्या कार्डाला छाती धडधडते, असं होतं. दुसरं कार्ड उचलायला गेलो आणि उचलतानाच मोजलं गेलं. मी जिन्याच्या पायऱ्याही मोजतो, त्याला इलाज नाही. दहांपैकी आठ छर्रे मध्याच्या खाली. पहिल्यात सात होते. वीसपैकी पंधरा. हात हलणाऱ्याचे छर्रे चहूकडे विखुरतात, एकाच बाजूला जात नाहीत. एकाच बाजूला गेले तर दोष साइटचा. हे मी शंभर जणांना शिकवलं आहे. आणि त्याच क्षणी मला बारावर थांबलेली चाकी आठवली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. सामन्यात नेमबाजाने बोलायचं नसतं, म्हणून नुसतं पाहिलं. तीनचार सेकंद असतील.

मला सामना थांबवता आला असता. पंचाला तो अधिकार आहे. "रायफली खाली" एवढं म्हणायचं, चाकी नीट लावायची आणि पुढे चालू करायचं. त्या वीस छर्र्यांचं काय करायचं ते नंतर वरच्या समितीने ठरवलं असतं. नियमपुस्तकात अशा प्रसंगाचं कलम नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरंही आहे. पण त्या तीनचार सेकंदांत माझ्या डोक्यात नियमपुस्तक नव्हतं. बाकावर मदनसेठ आणि पहिल्या तुकडीतले पाच जण बसले होते. सामना थांबवला तर त्यांच्यासमोर मोठ्याने कारण सांगावं लागलं असतं. माझी चूक, माझ्या रजिस्टरात. मी मान खाली घातली, कार्ड फाइलमध्ये ठेवलं, नवं लावलं आणि पुढच्या टेबलावर गेलो.

तिसरं कार्ड ब्याऐंशी, आठ खाली. चौथं शहाऐंशी, सहा खाली. एकूण तीनशे पस्तीस. पाच कमी. चाळीसपैकी एकोणतीस छर्रे मध्याच्या खाली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी वीसच्या आसपास आले असते.

बेरीज मी तीन वेळा केली. तीनही वेळा तेवढीच आली.

ताईंनी निकालाच्या कागदावर सही केली, रायफल पुसून माझ्या हातात दिली. "डोये गेले वाटते सर," त्या म्हणाल्या. "वय झालं. आता चष्मा घ्या लागते." मी काहीतरी बोललो. बहुधा "होतं असं कधी कधी" असं म्हणालो असेन. त्या साडेपाचच्या बसने गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. फोनही आला नाही. सहा वर्षांत असं प्रथमच झालं. त्या दिवशी मी तीन नंबरची रायफल काढली, चाकी खालून वर चौदावर आणली आणि शिकंज्यात धरून दहा छर्रे मारले. मग वरून खाली चौदावर आणली आणि दहा मारले. दोन्ही गुच्छांत जवळजवळ एका वर्तुळाचा फरक होता. संशय होता तोवर बरं होतं. आता दोन कार्डं होती. ती मी खिशात घालून घरी नेली, टेबलाच्या खणात ठेवली, परत काढली, रेंजवर नेली, परत घरी आणली. जेवताना बायकोने विचारलं, "खिशात काय आहे सारखं?"

सगळं सांगितलं. ती शिक्षिका आहे, पेपर तपासते. म्हणाली, "माझ्या हातून एखाद्याची बेरीज चुकली तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

"पुन्हा तपास म्हटलं असतं."

"मग? जा. सांगून या."

"निकाल बदलणार नाही पण."

"तो बदलायला नाही पाठवत तुम्हाला. ती बाई डोळ्यांना दोष देत बसली असेल."

सामन्यानंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी, मी रोहण्याला गेलो. दोन्ही कार्डं सोबत होती. अंगणवाडी शाळेच्या मागे, कडुलिंबाखाली. ताई पोरांना खिचडी वाढत होत्या. मला पाहून त्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"सर? तुमी? काऊन, काय झालं?"

"काही नाही. एक सांगायचं होतं."

"बसा. एवढ्याइले वाढून घेतो." शेवटच्या पोराला वाढून झाल्यावर त्या समोर येऊन बसल्या. नाकावर नवा चष्मा होता. तो पाहिला आणि मी घोकून आणलेलं पहिलं वाक्य सोडून दिलं. मी कार्डं काढून पुढे ठेवली आणि प्लेपासून सांगायला सुरुवात केली. नऊ, अठरा, चौदा, बारा, सगळे आकडे. बोलता बोलता लक्षात आलं की मी एखाद्या नवशिक्याला शिकवावं तसं बोलतो आहे.

"म्हणजे डोळ्यांचा काही दोष नव्हता," मी शेवटी म्हणालो. "खाच खाली राहिली होती. चूक माझी."

"मले माहीत होतं," ताई म्हणाल्या.

कार्डावर टेकवलेलं बोट मी उचललं.

"पयल्याच कार्डात समजलं. माशी बरोबर दिसे, हात हालत नोता, अन् छर्रा खाली. डोये गेले म्हटलं ते तुमचं मन राखाले. चष्मा घेतला तो पोषणाचे रजिस्टर भराले. दूरचं मले चांगलं दिसते."

"मग सांगितलं का नाही? हात वर करायचा."

"कसा करू? तुमची पाटी होती ना डोक्यावर. दोष आपल्यात शोधा. शोधला. नाई सापडला." त्या थोडं हसल्या. "चवथ्या कार्डात मी चोरी केली सर. नेम जरासा वर धरला. तुमी शिकवलं नाई तसं. म्हून ते शहाऐंशी."

मला तो शहाऐंशीचा आकडा अकरा दिवस समजत नव्हता.

"तुमाले कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

इथे खोटं बोलणं सोपं होतं. मोजताना समजलं, असं म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण मी सांगितलं. "दुसरं कार्ड उचललं तेव्हा."

ताईंचं हसू गेलं. आत कोणीतरी वाटी आपटत होतं, त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"मी तुमच्याकडे पाह्यलं होतं."

"हो."

"तुमी मान खाली घातली. मले वाटलं, सरले नियम आहे, बोलता येत नाई. घरी आली तं हेच सांगितलं साऱ्याइले. का सरच्या हातात काई नोतं." त्यांनी चष्मा काढला. "दुसऱ्या कार्डावर समजलं म्हंता. म्हंजे वीस छर्रे बाकी होते सर."

मी हो म्हणालो. एवढा जड आकडा माझ्या कोणत्याच वहीत नव्हता. एकोणतीस लिहिला होता, तीनशे पस्तीस लिहिला होता, पाच कमी लिहिला होता. वीस बाकी, हा नव्हता.

त्या उठल्या, मला पाणी दिलं. "बस भेटन तुमाले आता," म्हणाल्या. परत येईन, असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

समितीला मी लेखी कळवलं. निकाल कायम, असं उत्तर आलं. सामन्याच्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात जे झालं ते माझ्या सहीने लिहिलं. मदनसेठनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच काही घासाघीस केली नाही. रजिस्टर मिटून म्हणाले, "मी आवाज नसता दिला तं?" मी म्हणालो, आवाज तुमचा, चाकी माझी.

मग पाटी उतरवली. आता प्रत्येक जण आपली चाकी आपणच लावतो. प्ले म्हणजे काय हे पहिल्या दिवशीच दाखवतो. आकड्यांचं रजिस्टर बंद केलं. आणि एक नवा नियम केला. दुसऱ्या कार्डानंतर कोणीही हात वर केला की मी सामना थांबवायचा. कारण आधी विचारायचं नाही. थांबवायचं, मग विचारायचं.

ताई चौथ्या रविवारी आल्या. तीन नंबरची रायफल घेतली, चाकी वर नेली, मागे आणली. क्लिक माझ्या कानावर पडले आणि सवयीने मी मोजले. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. या हंगामात त्या नाव देणार की नाही हे मला अजून माहीत नव्हतं. विचारायची हिंमत होत नव्हती.

गेल्या महिन्यात आमचा अंतर्गत सामना झाला. सहाही टेबलं भरलेली. ताई तिसऱ्या टेबलावर. पहिलं कार्ड सत्त्याऐंशी. दुसरं उचलायला मी गेलो. उचलताना मोजलं, सहा वर, चार खाली. गुच्छ मधोमध होता. साइट बरोबर होती, यात तिळमात्र शंका नाही. मी कार्ड फाइलमध्ये ठेवलं, आणि ताईंनी हात वर केला.

पाठीमागे मदनसेठ होते, बँकेतले ते साहेबही होते. मी मोठ्याने म्हणालो, "रायफली खाली!"

पाच जणांनी रायफली टेबलावर ठेवल्या. सेठ पुटपुटले, "आता काय झालं बा?" पत्रे उन्हाने कडकडत होते. ताईंनी रायफल टेबलावर ठेवली. खाचेकडे पाहिलं, चाकीकडे पाहिलं. कशालाही हात लावला नाही.

"झालं," त्या म्हणाल्या. "चालू द्या सर."

मी जवळ गेलो. "काय झालं होतं?"

"काई नाई."

"मग थांबवलं का?"

"पाह्यलं," त्या माशीवर नजर ठेवून म्हणाल्या, "थांबवता का नाई."

सामना पुढे चालू झाला. संध्याकाळी सगळे गेल्यावर पाहिलं, तर ताईंनी या वर्षीच्या जिल्ह्याच्या सामन्याचा अर्ज भरून माझ्या टेबलावर ठेवला होता, वर काजळीचं बोट उमटलं होतं. सामना थांबवला की सामन्याच्या रजिस्टरात कारण लिहावं लागतं, तो नियमही माझाच. तारीख लिहिली, वेळ लिहिली, टेबलाचा नंबर लिहिला. कारणाचा रकाना अजून कोरा आहे. रोज रजिस्टर उघडतो, पेन काढतो आणि बंद करतो. मग कुलूप लावून गिरणीपर्यंत जातो आणि परत येतो.